दोस्तीत खरेपणा आणि साथ: तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता ते प्रश्न

मी सोलापूरची. एका पतसंस्थेत 19 वर्षं वसुलीच्या टेबलावर काम केलं. जामीनदारांना नोटिसा काढायच्या आणि ते भेटायला आले की समोर बसून त्यांचं ऐकून घ्यायचं. कर्जदार आणि जामीनदार बहुतेक वेळा एकमेकांचे दोस्त असायचे, त्यामुळं पैशापेक्षा जास्त मी दोस्त्याच मोडताना बघितल्या. त्याबद्दल लिहायला लागले तेव्हापासून प्रश्न येतच राहिलेत, त्यातले जे सारखे सारखे येतात ते इथं एकत्र केलेत. आधी साधे, मग अवघड.

1. खरं बोलणं मोठं का साथ देणं मोठं? दोन्ही एकदम जमत नसेल तर काय करायचं?

माझी आई विड्या वळायची. शेजारी पद्मशाली घरातली एक अक्का राहायची, दोघींचं फार जमायचं. दुपारी उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसायच्या, भिजवलेलं पान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, आणि बोलणं चालूच. एकदा आईला ताप होता तरी ती बसलेली, कारण हजार विड्यांचा हिशोब असतो, कमी भरल्या की मजुरी कमी. अक्कानं तिच्या सुपातली एक विडी उचलून दोन बोटांत दाबली आणि म्हणाली, "ढिल्ली हाय बघ, कारखान्यात बाजूला काढतेत." आईला राग आला, एक तर अंगात ताप आणि त्यात ही चूक दाखवतीय. अक्का पुढं एक शब्द बोलली नाही. ढिल्या विड्या सोडवल्या, आपलं सूप बाजूला ठेवलं आणि आईच्या सगळ्या परत वळून दिल्या.

माझं उत्तर हेच. अक्कानं खरं सांगितलं कारण तिला साथ द्यायची होती, आणि तेही कारखान्यात पाटी जायच्या आधी सांगितलं, जेव्हा काहीतरी करता येत होतं. तुमच्या दोस्ताला जे कळायला पाहिजे ते तुमच्याकडून कळू दे, वेळेत कळू दे. खाली जवळजवळ प्रत्येक उत्तरात हीच गोष्ट फिरून येईल.

2. मी स्पष्ट बोलतो म्हणून मित्र लांब जातात. मग खरं बोलून चूक करतोय का?

बोलल्यावर तुम्ही थांबता का निघून जाता, हे आधी स्वतःला विचारा. "तुझा धंदा चालणार नाही" म्हणून गाडीला किक मारली तर त्याच्या हातात काय राहिलं? तेच त्याच्यासोबत बसून, भाडं किती, माल किती, उधारी किती असं कागदावर मांडून बोललात तर तो चिडेल पण ऐकेल. आणि चारचौघांत सांगू नका. पार्क चौकात गाड्यावर सगळे पावभाजी खात असताना एखाद्याचं पितळ उघडं करायचं आणि वर म्हणायचं मी काय खोटं बोललो का, हे बरोबर नाही. एकट्यात सांगा. आपल्याकडं दोस्ताला "काय बे" म्हणतो ना, त्याच मायेच्या सुरात सांगितलेलं त्याला टोचत नाही.

3. म्हणजे सगळंच सांगायचं का? काही गोष्टी पोटात ठेवल्या तर ते खोटं होतं का?

नाही होत. तुमचा पगार, घरातली भांडणं, तब्येत, हे तुमचं आहे, नाही सांगावंसं वाटलं तर नका सांगू. "त्याबद्दल मला बोलायचं नाही" हे पण खरंच बोलणं आहे. खोटं कुठं सुरू होतं, तर तुम्ही गप्प बसलात म्हणून समोरचा चुकीचा निर्णय घेणार असेल तिथं. मैत्रीण ज्या मुलाशी लग्न ठरवतीय त्याचं आधी एक लग्न झालेलं तुम्हाला पक्कं माहितीय, आणि तुम्ही तिच्यासोबत शालू बघायला जाताय, तर ते गप्प बसणं खोट्यातच जमा.

4. मैत्रिणीनं सांगितलेलं गुपित मी नवऱ्याला सांगते. नवरा-बायकोत काय लपवायचं?

गुपित तुमचं असेल तर जरूर सांगा. हे तिचं आहे. तिनं तुमच्यावर विश्वास टाकला, तुमच्या घरावर टाकलेला नाही. नवऱ्याला एवढंच सांगा की तिचं काहीतरी चाललंय, मी ऐकून घेतलंय, तपशील विचारू नका. समजूतदार नवरा विचारत नाही, आणि उद्या त्याचा दोस्त त्याला काही सांगेल तेव्हा तुम्ही पण विचारू नका. गुपित फोडायलाच पाहिजे अशी एकच वेळ मला मान्य आहे, ती प्रश्न 13 मध्ये लिहिलीय.

5. आमच्या शाळेच्या ग्रुपवर एका मित्राची रोज खेचतात, तो नसलेल्या दुसऱ्या ग्रुपवर तर जास्तच. मी काही लिहीत नाही, पण सोडत पण नाही. हे चूक आहे का?

तो नसलेला ग्रुप सोडा. आणि सोडायच्या आधी तिथं एक ओळ लिहा, "त्याच्यामागं हे मला पटत नाही." भाषण नको. मग त्याला भेटून विचारा की बाबा तुला याचा त्रास होतो का, कारण कधी कधी त्याला खरंच मजा वाटत असते आणि आपणच उगाच त्याच्या वतीनं रागावलेलो असतो. पण तो नुसता हसला आणि विषय बदलला, तर समजून जा.

6. मित्राला हातउसने पैसे दिलेत, दीड वर्ष झालं. मागायची लाज वाटते. काय करू?

लाज तुम्हाला वाटतीय हेच उलटं झालंय, पण मी समजू शकते. आपल्याकडं हातउसने म्हणजे कागद नाही, व्याज नाही, तारीख पण नाही, आणि तारीख नसते तिथंच घोळ होतो. मागताना "कधी देतोस" असं मोघम नका विचारू. "दर महिन्याला दोन हजार जमतील का तुला, पुढच्या पाच तारखेपासून" असं विचारा. ज्याला द्यायचेत पण एकदम जमत नाहीत, तो अशानं सुटतो, तुम्हाला टाळायचं बंद करतो.

आता नियम पण माहीत असू द्या. उसने दिलेल्या पैशाचा दावा कोर्टात करायची मुदत मुदतीच्या कायद्यानुसार, म्हणजे 1963 च्या, 3 वर्षं आहे, आणि ती साधारण पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजतात. मुदत संपायच्या आत त्यानं सही करून "इतके देणं आहे" असं लिहून दिलं तर मुदत तिथून नव्यानं मोजतात. दुसरं असं, की 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम उसनी म्हणून रोख घेणं सर्वसाधारणपणे आयकराच्या नियमात बसत नाही, आणि दंड घेणाऱ्याला होऊ शकतो, तो पण घेतलेल्या रकमेएवढा. म्हणजे रोख देऊन तुम्ही दोस्तालाच अडचणीत टाकता. खात्यावर टाका, "उसने" असा शेरा लिहा. यात अविश्वास कुठला आला, उलट दोघांच्या आठवणीवरचं ओझं कमी होतं.

7. जिवलग मित्र कर्जाला जामीन राहा म्हणतोय. नाही म्हटलं तर दोस्ती जाईल. सही करू का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोकांना वाटतं जामीनदार म्हणजे ओळखदार, नुसती सही. तसं नाही. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडं या, असं तुम्हाला म्हणता येत नाही. संस्था थेट तुमच्या दारात येऊ शकते. सहकारी पतसंस्था असेल तर 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली कलम 101 चा म्हणजे वसुलीचा दाखला निघतो, आणि तो निघाला की वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. कर्ज थकलं तर तुमच्या सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, पण त्याची सावली पडते, उद्या घराचं कर्ज काढायला गेलात की मॅनेजर तेच दाखवतो. तुम्ही पैसे भरलेत तर ते कर्जदाराकडून परत मागायचा हक्क कायदा तुम्हाला देतो, पण माझ्या टेबलासमोर बसलेल्या किती जामीनदारांनी तो वापरला असेल? दोस्तावर दावा कोण लावतं!

माझंच सांगते. मी एका मैत्रिणीला 80 हजारांच्या कर्जाला जामीन राहिले होते, दुसऱ्या एका संस्थेत. तिचे चार हप्ते थकले. त्या चार महिन्यांत आम्ही दर रविवारी भेटत होतो, सिद्धेश्वर तळ्याच्या कट्ट्यावर बसून शेंगा खात होतो, माझ्या मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हा ती पेढे घेऊन आली होती. मग एक दिवस नोटीस माझ्या ऑफिसला आली. मी आयुष्यभर जशी नोटीस टाईप केली तसलीच, फक्त नाव माझं. तिला विचारलं तर म्हणाली, "तुला टेन्शन नको म्हणून सांगितलं नाही." पैसे तिनं पुढं भरले, पूर्ण भरले, माझा एक रुपया गेला नाही. पण त्या रविवारांचं काय करायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही. पहिला हप्ता चुकला त्या दिवशी तिनं सांगितलं असतं तर मी दोन हप्ते भरले असते, खरंच भरले असते.

म्हणून सही करायच्या आधी दोन गोष्टी. एक, ही रक्कम पूर्ण माझ्या खिशातून गेली तरी मी याच्याशी बोलेन का? उत्तर नाही असेल तर सही नको, आणि नकार स्पष्ट द्या, "बायको नको म्हणते" असं बायकोवर ढकलू नका, पुढं दोन्ही घरांचं वाकडं होतं. दोन, सही करणार असाल तर त्याच्याकडून शब्द घ्या की हप्ता चुकला तर दुसऱ्याच दिवशी तू मला फोन करायचा, नोटिशीची वाट बघायची नाही. जामीन राहायला नाही म्हणून दुसरी मदत करता येते, जमेल तेवढी रक्कम सरळ देऊन टाका, परत आली तर आली.

8. मित्रानं पैशाच्या बदल्यात चेक दिला होता, तो बाउन्स झाला. केस करावी का?

ते तुम्ही ठरवायचं, पण तारखा हातातून घालवू नका. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस त्याला पैसे द्यायला मिळतात, नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. हे चेक बाउन्सच्या कलम 138 चं प्रकरण, 2 वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटीस पाठवणार असाल तर आधी स्वतः फोन करून सांगा की नोटीस येतीय. पोस्टमनकडून कळणं फार लागतं, मला माहितीय.

9. दोस्तासोबत पार्टनरशिपमध्ये टॉवेलचे लूम चालवतो. तो एका व्यापाऱ्याकडून परस्पर कमिशन घेतो असं कळलंय. बोललो तर धंदा पण जाईल आणि दोस्ती पण.

आधी पक्कं करा. कुणी सांगितलं, सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा? टॉवेल-चादरीच्या धंद्यात दोन पार्टनर तुटले की तिसऱ्याला ऑर्डर मिळते हे तुम्हाला मी काय सांगायचं. पक्कं झालं की वही घेऊन बसा. 1932 च्या भागीदारी कायद्यात कलम 9 आहे, भागीदारांनी एकमेकांशी न्यायानं आणि निष्ठेनं वागायचं, खरा हिशोब द्यायचा, फर्मशी संबंधित सगळी माहिती द्यायची. दोस्तीत आपण जे अपेक्षित धरतो ते धंद्यात कायद्यानंच लिहून ठेवलंय, त्यामुळं हिशोब मागणं म्हणजे संशय घेणं असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. परस्पर कमावलेला नफा फर्मचा धरला जातो, करारात वेगळं नसेल तर. त्याला सांगा, आजपर्यंतचं काढून ठेव, फर्मच्या खात्यात भर, पुढं चालू. त्याच्या बायकोला किंवा व्यापाऱ्याला आधी सांगू नका.

10. घरचे म्हणतात त्या समाजातल्या मित्राशी संबंध कमी कर. मी मित्राला खरं कारण सांगू का?

घरच्यांचे शब्द जसेच्या तसे त्याच्या कानावर घालायची गरज नाही. पण खोटी कारणं सांगून लांब पण जाऊ नका, त्याला तुमच्याआधी कळलेलं असतं. "घरी थोडं अवघड आहे, मी तुझ्यासोबत आहे" एवढं पुरतं, आणि मग खरंच सोबत राहा, ईदला जा, संक्रांतीला तिळगूळ घेऊन जा. सोलापुरात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही ऐकू येतात. आणि ज्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी आपण "इथं भेटू" म्हणतो ना, ते मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा, वेगवेगळ्या घरांतले. चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात एकाच दिवशी फाशी दिली. घरच्यांना समजवायला लागलात तर हे नक्की सांगा, मोठ्या माणसांना ही नावं माहीत असतात, फक्त अशी एकत्र आठवलेली नसतात.

11. मित्राच्या बायकोचं बाहेर काहीतरी आहे असं मला कळलंय. सांगू का?

कळलंय म्हणजे काय? दोघांना विजापूर रोडला हॉटेलात बघितलं, याला कळलं म्हणत नाहीत. भाऊ असेल, ऑफिसचा माणूस असेल. नुसती शंका असेल तर तोंड बंद, कुणापाशीच नाही. पक्कं असेल तर मी आधी जिचं नाव आहे तिच्याशीच बोलेन, "हे मला माहितीय, त्याला तू सांग, मी किती दिवस गप्प बसेन सांगता येत नाही." ही धमकी वाटू देऊ नका, तिला पण अब्रू आहे. आणि त्या लग्नात मारहाण असेल, तुमचाच मित्र हात उचलणारा असेल, तर त्याला काहीही सांगू नका. तिथं दोस्ती बाजूला, आधी तिचा जीव.

12. मित्र म्हणतोय, "त्या रात्री मी तुझ्या घरी होतो एवढंच सांग." नाही म्हटलं तर गद्दार ठरेन.

नाही म्हणा. न्यायालयाच्या कामात खोटी साक्ष दिली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि गुन्हेगाराला लपवून ठेवण्याबद्दलच्या कलमात सूट आहे ती फक्त नवरा किंवा बायकोला, दोस्ताला नाही. पण एवढ्यावर थांबू नका. खोटं बोलणार नाही म्हणजे एकटं सोडणार असं नाही. वकील शोधून द्या, पैसे लागले तर जमवा, त्याच्या आईकडं रोज संध्याकाळी जाऊन बसा, तारखेला कोर्टात जा. गद्दार म्हणणारे तारखेला येत नाहीत, बघा तुम्ही.

13. मैत्रीण म्हणाली जगावंसं वाटत नाही, आणि "शपथ आहे, कुणाला सांगू नको." शपथ मोडू?

मोडा. आजच मोडा. याच्यावर मी दुसरा विचार करत नाही. तिला एकटं सोडू नका, सरळ विचारा की जीव द्यायचा विचार येतोय का, असं विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. तिच्या घरातलं जे माणूस तिला आधार देईल त्याला सांगा, डॉक्टरकडं सोबत जा. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदत सेवेचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, तुम्ही पण तिच्या वतीनं विचारायला लावू शकता. धोका समोर दिसत असेल तर 112. आणि तिच्यामागं करू नका, तिला तोंडावर सांगा, "मी सांगणार आहे, तू चिडलीस तरी चालेल." चिडू दे. चिडलेली मैत्रीण परत बोलते.

14. कर्ण शेवटपर्यंत दुर्योधनासोबत राहिला. चूक माहीत असून साथ दिली, तीच खरी निष्ठा नाही का?

हा प्रश्न बहुतेक पोरांकडून येतो, आणि मनापासून येतो. शस्त्रस्पर्धेच्या आखाड्यात कर्णाला कुळ विचारून अडवलं तेव्हा दुर्योधनानं त्याला अंगदेशाचं राज्य दिलं, ते उपकार कर्ण विसरला नाही, हे मोठंच आहे. पण द्रौपदीला सभेत आणलं त्या दिवशी तो गप्प पण राहिला नाही, तो स्वतः तिला नको ते बोलला. त्याच सभेत दुर्योधनाचा सख्खा भाऊ विकर्ण उठून म्हणाला की हा अधर्म आहे, आणि त्याला झापलं कुणी, तर कर्णानं. पुढं तोच विकर्ण भावाच्याच बाजूनं लढला आणि भीमाच्या हातून मेला. त्यानं साथ सोडली नाही, आणि खरं पण सांगितलं, वेळेत, सगळ्यांसमोर. मला विकर्ण जवळचा वाटतो. विचार करा, दुर्योधनाला त्या दिवशी त्याच्या लाडक्या दोस्तानंच हाताला धरून बाहेर नेलं असतं तर?

15. दोन जवळच्या मित्रांचं भांडण झालंय, दोघं म्हणतात तू कुणाच्या बाजूनं?

दोघांना एकच वाक्य सांगा, आणि एकाजवळ जे बोलाल ते दुसऱ्यासमोर म्हणता येईल एवढंच बोला. निरोप्या होऊ नका. पण एकानं खरंच दुसऱ्याला लुबाडलं असेल तर मधे उभं राहणं म्हणजे लुबाडणाऱ्याची बाजू घेणं, तिथं स्पष्ट सांगा.

16. खोटं मीच बोललोय, सहा महिने झाले. त्याला अजून माहीत नाही. आता सांगून काय फायदा?

प्रश्न 7 मधली माझी मैत्रीण आठवा. त्याला कुणाकडून तरी कळणारच, हे गाव तेवढं मोठं नाही. फोनवर नको, मेसेजवर तर नकोच. भेटा, आणि सुरुवात कारणांपासून करू नका, आधी काय केलं ते एका वाक्यात सांगा. "तुला वाईट वाटू नये म्हणून" हे शब्द गिळून टाका, ऐकणाऱ्याला तेच सगळ्यात जास्त लागतात. मग तो काय बोलेल ते ऐकून घ्या. उठून गेला तर मागं धावू नका, आठवड्यानं परत एकदा त्याच्या दारात जा.

17. माफ केलं, पण आधीसारखं होत नाही. मग माफ केलं असं म्हणायचं का?

माझ्या त्या मैत्रिणीशी मी आज बोलते. मध्ये तीन वर्षं बोलत नव्हते. मग सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत गर्दीत समोरासमोर आलो, नंदीध्वजांची मिरवणूक जात होती, लोक वाट करून देत होते, आणि तिनं माझ्या हाताला धरून मला मागं ओढलं कारण मी मधेच उभी होते. त्या दिवशी आम्ही चहा प्यायलो. आता महिन्या-दोन महिन्यांनी भेटतो. मागच्या वर्षी तिच्या मुलाचा एक हप्ता चुकला, माझी त्या कर्जावर सही नाही, काही संबंध नाही, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तिचा फोन आला. "तुला आधी सांगते," म्हणाली.